नळाच्या पाण्यातील अनामिक द्रव्ये : रॉटरडॅम आणि न्यू ऑर्लिन्स

अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने १९६२ साली पिण्याच्या पाण्याची जी सुधारित मानके प्रसिद्ध केली, त्यांत एक बाब पूर्वी कधी नसलेली अशी होती. शिसे, आर्सेनिक, सायनाइड इत्यादी परिचित द्रव्यांच्या पंक्तीस 'कार्बन क्लोरोफॉर्म अर्क' असे एक नाव बसविण्यात आले आणि त्याची मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम अशी ठरविण्यात आली. या नावाचे द्रव्य रसायनशास्त्रास ठाऊक नाही, कारण हे नाव मुळात एका कृतीचे आहे. हजारो गॅलन पाणी कोळशाच्या कणांनी भरलेल्या नळकांड्यातून सोडावयाचे. तो कोळसा वाळवून क्लोरोफॉर्ममध्ये भिजवावयाचा. नंतर क्लोरोफॉर्म उडवून लावावयाचा आणि भांड्याच्या तळाशी जो अवशेष उरेल त्याचे वजन करावयाचे. अवशेषात कोणकोणती द्रव्ये आहेत हा प्रश्न मानक विचारीत नव्हते. एकंदर वजन मर्यादेपेक्षा कमी भरले म्हणजे पाणी पिण्यास योग्य ठरे.

या नोंदीपाशी भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने थबकावे हे स्वाभाविक आहे. ज्याला नाव देता आले नाही त्याचे निदान वजन तरी करावे, अशी ही तडजोड होती, आणि ती करणाऱ्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर पेट्रोलियमपासून बनविलेली द्रावके, कीटकनाशके, प्रक्षालके व प्लॅस्टिकची कच्ची द्रव्ये इतक्या वेगाने नद्यांत येऊ लागली होती की, त्यांची ओळख पटवून घेण्याइतकी साधने व माणसे कोणत्याही जलसंस्थेजवळ नव्हती. प्रस्तुत निबंधात या अनामिक द्रव्यांना नावे कशी मिळत गेली याचा मागोवा दोन शहरांच्या आधारे घ्यावयाचा आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, नगरजलावरील देखरेखीचा इतिहास हा बव्हंशी याद्यांचा इतिहास आहे. आणि यादीत नवे नाव पडण्यापूर्वी प्रत्येक वेळी कोणीतरी यादी बाजूस ठेवून पाण्याकडे पाहिलेले असते.

तत्पूर्वीच्या शतकाचा उल्लेख ओझरता केला तरी पुरे. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाशी जॉन स्नो यांनी पटकीचा संबंध जोडून दाखविला. १८९२ साली हँबुर्ग शहरात पटकीने थैमान घातले असता शेजारच्या आल्टोना गावाचे, वाळूतून गाळलेल्या पाण्यामुळे, रक्षण झाले. आणि १९०८ साली जर्सी सिटीच्या पाण्यात क्लोरीनचे संयुग नियमितपणे मिसळण्यास आरंभ झाला. पुढील तीन दशकांत अमेरिकन शहरांतून विषमज्वर जवळजवळ नाहीसा झाला. क्लोरीनविषयी पुढे जे सांगावयाचे आहे ते वाचताना हा उपकार वाचकांनी दृष्टीआड होऊ देऊ नये. परंतु या यशाचा एक परिणाम असा झाला की, पाण्याची परीक्षा म्हणजे जंतूंची परीक्षा हे समीकरण अभियंत्यांच्या मनांत दृढ झाले. नदी कितीही गढूळ असो, ती गाळली व तीत क्लोरीन घातला की ती पिण्यास योग्य झाली, असा एक व्यावसायिक आत्मविश्वास निर्माण झाला.

या आत्मविश्वासाची कसोटी लागावयाची ती नद्यांच्या मुखाशीच. रॉटरडॅम हे ऱ्हाइनच्या शेवटच्या टोकास वसलेले शहर. बाझेलच्या औषधी व रंगांच्या कारखान्यांपासून रूर खोऱ्यातील कोळसा व पोलादापर्यंत अर्ध्या युरोपाचे उद्योग त्याच्या वरच्या अंगास. त्यांतच अल्सेसच्या पोटॅश खाणींतील मीठ नदीत सोडले जाई. न्यू ऑर्लिन्सची स्थिती तशीच. मिसिसिपी नदी अमेरिकेच्या मध्यभागाचे पाणी गोळा करीत येते, आणि बॅटन रूजपासून न्यू ऑर्लिन्सपर्यंतच्या तिच्या दोन्ही काठांवर महायुद्धानंतर तेलशुद्धीचे व रसायनांचे कारखाने दाटीने उभे राहिले. दोन्ही शहरे इतरांनी वापरून टाकलेले पाणी पीत होती.

मिसिसिपीच्या खालच्या भागात संकटाची पहिली वर्दी माशांनी दिली. १९६३ च्या अखेरीस लक्षावधी मासे मरून वर आले. त्यांच्या शरीरांत एन्ड्रिन हे कीटकनाशक सापडले, आणि ते सापडू शकले याचे श्रेय एका छोट्याशा उपकरणाकडे जाते. १९५२ साली जेम्स व मार्टिन यांनी गॅस क्रोमॅटोग्राफी सिद्ध केली होती. मिश्रणाची वाफ एका लांब नळीतून नेली असता घटकद्रव्ये आपापल्या वेगाने, एकामागून एक बाहेर पडतात, हे तिचे तत्त्व. १९५७ साली जेम्स लव्हलॉक यांनी या नळीच्या तोंडाशी बसविता येणारा असा शोधक तयार केला की, क्लोरीनयुक्त द्रव्यांचा अब्जांशाइतका लेशही त्यास जाणवे. कोळशाच्या नळकांड्यातून हजारो गॅलन पाणी सोडून जे कळत नव्हते, ते आता एका लहानशा बाटलीतील पाण्यावरून कळू लागले. तथापि हा शोधक विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देई. एन्ड्रिन आहे काय, असे विचारले तर आहे किंवा नाही असे तो सांगे. न विचारलेले द्रव्य कागदावर एक निनावी शिखर काढून निघून जाई.

अशा निनावी शिखरांचा पाठपुरावा रॉटरडॅमच्या जलसंस्थेतील रसायनज्ञ योहानेस रोक यांनी केला. (इंग्रजी ग्रंथांच्या वाचनामुळे आपल्याकडे हे नाव 'रूक' असे उच्चारले जाण्याचा संभव आहे, डच भाषेत जोड 'ओ'चा उच्चार दीर्घ ओकारासारखा होतो.) रोक यांनी वापरलेली युक्ती जलशास्त्रातील नव्हती, ती बिअरच्या धंद्यातील होती. बिअरचा गंध तपासणारे रसायनज्ञ बिअरला हात न लावता बंद बाटलीतील द्रवाच्या वर जी मोकळी जागा राहते तीतील वाफ सुईने ओढून घेत आणि तिचे पृथक्करण करीत. रोक यांनी हीच रीत पाण्यास लावली. यात कोळसा नव्हता, द्रावक नव्हता, आणि काय शोधावयाचे याची पूर्वनिश्चित यादीही नव्हती.

त्यांना जे दिसले ते चमत्कारिक होते. क्लोरोफॉर्म आणि त्याची तीन ब्रोमीनयुक्त भावंडे, म्हणजे मिथेनच्या तीन हायड्रोजनांची जागा क्लोरीन वा ब्रोमीन यांनी घेतलेली चार द्रव्ये, शुद्धीकरण झालेल्या पाण्यात होती. नदीच्या कच्च्या पाण्यात ती नव्हती. अर्थात वरच्या कोणत्याही कारखान्यास त्यांचा दोष देता येईना. १९७४ साली एका ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधात रोक यांनी उलगडा केला तो असा : पानापाचोळा व वनस्पती कुजून जी पिवळसर-तपकिरी ह्यूमिक द्रव्ये पाण्यात उतरतात, त्यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन ही द्रव्ये जन्मास येतात, आणि नदीच्या पाण्यातील ब्रोमाइडचे क्लोरीनमुळे ब्रोमीनमध्ये रूपांतर होत असल्यामुळे ब्रोमीनयुक्त भावंडेही त्यांच्यासोबत येतात. म्हणजे शुद्धीकरण केंद्र हेच या द्रव्यांचे जन्मस्थान होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बेलर, लिक्टेनबर्ग व क्रोनर या अमेरिकन संशोधकांनी, पाण्यातून वायूचे बुडबुडे सोडून बाष्पशील द्रव्ये गोळा करण्याची स्वतंत्र पद्धत वापरून, हाच निष्कर्ष प्रसिद्ध केला.

येथे आरंभी वर्णिलेल्या अर्काकडे क्षणभर परत वळणे इष्ट होईल. अमेरिकेतील शहरे ज्या रीतीने पाण्यातील सेंद्रिय मळ मोजीत होती, तीत क्लोरोफॉर्म हेच द्रावक होते, आणि वजन करण्यापूर्वी ते उडवून लावले जात होते. क्लोरीन घातलेल्या पाण्यात सर्वांत सहज निर्माण होणारे जे द्रव्य, ते या परीक्षेत दिसणे तत्त्वतःच अशक्य होते. त्याच्यासारखी इतर बाष्पशील द्रव्येही त्याच्याबरोबर उडून जात. बारा वर्षे पाण्याची जी परीक्षा चालू होती तिची रचनाच अशी होती. मोजण्याचे साधन आणि मोजावयाची वस्तू ही एकच निघाल्याचे याहून बोलके उदाहरण माझ्या वाचनात नाही.

आता न्यू ऑर्लिन्सकडे. तेथील मासळीस तेलकट वास येतो अशा तक्रारींवरून चौकशी सुरू झाली होती, आणि १९७० साली स्थापन झालेल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९७२ साली खालच्या मिसिसिपीवरील औद्योगिक प्रदूषणाचा अहवाल प्रसिद्ध केला होता. त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. नोव्हेंबर १९७४ मध्ये मात्र दोन गोष्टी एकाच सुमारास घडल्या. एका खाजगी पर्यावरणवादी संघटनेच्या वतीने रॉबर्ट हॅरिस यांनी लुइझियानातील जिल्ह्यांची तुलना करून, मिसिसिपीचे पाणी पिणाऱ्या जिल्ह्यांतील गोऱ्या पुरुषांत कर्करोगाने होणारे मृत्यू अधिक आहेत, असे प्रतिपादन केले. आणि शासकीय संस्थेने न्यू ऑर्लिन्स परिसरातील पिण्याच्या पाण्यात ओळख पटलेल्या ६६ सेंद्रिय द्रव्यांची नावे जाहीर केली.

हॅरिस यांच्या प्रतिपादनाचे मोल जपून ठरविले पाहिजे. जिल्ह्यांच्या सरासरीवरून व्यक्तीच्या रोगाचे कारण सिद्ध होत नाही. धूम्रपान, व्यवसाय, शहरी राहणी यांचा परिणाम वेगळा काढणे अवघड असते, आणि हे आक्षेप त्याच वेळी घेतले गेले होते. १९७६ साली पेज, हॅरिस व एप्स्टाइन यांनी 'सायन्स' नियतकालिकात अधिक काटेकोर मांडणी केल्यावरही वाद मिटला नाही. परंतु सामान्य नागरिकाच्या मनावर परिणाम झाला तो आकडेशास्त्राचा नव्हता, तो नावांच्या यादीचा होता. कालपर्यंत 'अर्क' या एका शब्दात जे गुंडाळलेले होते ते आज ६६ नावांनी समोर उभे राहिले. अनेक वर्षे काँग्रेससमोर रेंगाळलेले सुरक्षित पेयजलाचे विधेयक काही आठवड्यांत संमत झाले आणि १६ डिसेंबर १९७४ रोजी अध्यक्ष फोर्ड यांनी त्यावर स्वाक्षरी केली.

पुढील घटनाक्रम सरळ आहे. १९७५ साली ८० शहरांच्या पाण्याची पाहणी झाली. क्लोरीन वापरणाऱ्या शहरांत क्लोरोफॉर्म व त्याची भावंडे सर्वत्र आढळली. १९७६ साली राष्ट्रीय कर्करोग संस्थेने क्लोरोफॉर्ममुळे उंदीर-घुशींना कर्करोग होतो असा अहवाल दिला. नोव्हेंबर १९७९ मध्ये या चार द्रव्यांच्या बेरजेस लिटरला ०.१० मिलिग्रॅम ही मर्यादा लागू करण्यात आली, तीही दहा हजारांहून अधिक लोकांना पाणी पुरविणाऱ्या संस्थांपुरती. १९९८ साली ती ०.०८ वर आणली गेली. या नियमाबरोबर आणखी एक प्रस्ताव १९७८ साली मांडण्यात आला होता. प्रदूषित नद्यांचे पाणी उचलणाऱ्या शहरांनी ते कोळशाच्या कणांच्या जाड थरातून गाळावे, म्हणजे नावे ठाऊक असलेली व नसलेली अशी दोन्ही प्रकारची द्रव्ये अडतील, असा त्याचा आशय होता. जलसंस्थांनी खर्चाच्या कारणावरून त्यास कडवा विरोध केला व अखेरीस तो मागे घेण्यात आला. माझ्या मते या संपूर्ण इतिहासातील सर्वांत दूरगामी निर्णय हाच होय. नामनिर्देश झालेली चार द्रव्ये कायद्याच्या कक्षेत आली. अनामिकांविरुद्धचा एकमेव उपाय कक्षेबाहेर राहिला.

आपल्या शास्त्रातील एक गोष्ट येथे आठवते. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणात प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून बायबलमधील उधळ्या पुत्राची कथा त्या त्या बोलीत सांगवून घेतली गेली. मराठीच्या बोलींचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात कोकण किनाऱ्यावरील बोलींचेही नमुने आहेत. कथेत बाप आहे, दोन मुलगे आहेत, डुकरे आहेत, पुष्ट वासरू आहे. समुद्र नाही, होडी नाही, जाळे नाही. कोळ्याच्या बोलीचा प्राण ज्या शब्दांत आहे ते शब्द बाहेर यावेत अशी त्या कथेत जागाच नव्हती. सर्वेक्षणाची थोरवी यामुळे उणावत नाही, परंतु त्या कथेच्या आधारे 'या बोलीत जाळ्याला शब्द नाही' असे कोणी म्हटले तर आपण हसू. प्रयोगशाळेच्या अहवालावरून 'पाण्यात काही नाही' असे म्हटले जाते तेव्हा मात्र आपणांस हसू येत नाही.

मराठीत 'सापडणे' आणि 'आढळणे' अशी दोन क्रियापदे आहेत. व्यवहारात ती एकमेकांच्या जागी येतात हे खरे, पण कान देऊन ऐकले तर छटेतील भेद जाणवतो. शोधलेली वस्तू सापडते. वाटेत अवचित दृष्टीस पडते ती आढळते. पाण्याच्या अहवालात एखाद्या नावापुढे 'आढळले नाही' असे छापलेले असते. त्याचा खरा अर्थ 'शोधले, अमुक पद्धतीने शोधले, आणि त्या पद्धतीच्या मर्यादेत सापडले नाही' एवढाच असतो. जी नावे छापलेलीच नाहीत त्यांविषयी अहवाल मौन पाळतो, आणि वाचणारा त्या मौनालाही 'नाही' असे समजतो. भारतीय मानक १०५०० हे १९८३ साली प्रथम निघाले. त्याच्या २०१२ च्या आवृत्तीत वरील चार द्रव्यांना पृथक् मर्यादा आहेत (क्लोरोफॉर्मसाठी लिटरला ०.२ मिलिग्रॅम) आणि कीटकनाशकांची नावनिशीवार यादी आहे. त्या याद्यांचा उपयोग निर्विवाद आहे. पण रोक यांना जे मिळाले ते 'आढळलेले' होते. यादीने ते सापडले नसते.

यादीबाहेरचे शोधण्यासाठी पुन्हा यादीच करावी, असा एक उपाय अमेरिकेने अवलंबिला. १९९६ च्या दुरुस्तीनुसार दर पाच वर्षांनी, मर्यादा न ठरलेल्या पण तपासण्याजोग्या अशा अधिकांत अधिक ३० द्रव्यांची यादी करून देशभर तपासणी केली जाते. २०१३ ते २०१५ च्या फेरीत फ्लोरीनयुक्त, न विघटणाऱ्या रसायनांपैकी सहा होती. याच सुमारास नॉर्थ कॅरोलायनातील केप फिअर नदीत काही संशोधक, वस्तुमान अत्यंत सूक्ष्मपणे मोजणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरने, यादी न घेता पाहत होते. त्यांना त्याच कुळातील, परंतु त्या सहांत नसलेली द्रव्ये दिसली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात नदीच्या खालच्या अंगास असलेल्या विल्मिंग्टनजवळील पाण्यात त्यांपैकी एकाचे सरासरी प्रमाण लिटरला ६३१ नॅनोग्रॅम दिले आहे, आणि रूढ शुद्धीकरणाने ते कमी होत नाही असेही म्हटले आहे. शहरातील लोकांना ही वार्ता जून २०१७ मध्ये स्थानिक वृत्तपत्रातून समजली. द्रव्य 'जेनएक्स' या व्यापारी नावाने प्रसिद्ध झाले. त्याचे रासायनिक नाव उच्चारण्याची पाळी वृत्तपत्रांवर क्वचितच आली.

त्यानंतर जे घडले ते नमूद करण्यासारखे आहे. राज्याच्या आरोग्य खात्याने आरंभी या द्रव्याची निर्धोक मानता येईल अशी पातळी लिटरला सुमारे ७१,००० नॅनोग्रॅम सांगितली. जुलै २०१७ मध्ये ती १४० वर आणली. नदी तीच, नळ तेच. एका महिन्यापूर्वी जे पाणी मर्यादेच्या शंभराव्या हिश्शाइतकेही दूषित नव्हते, ते त्याच मोजमापाने चौपटीहून अधिक दूषित ठरले. विल्मिंग्टनमधील एखाद्या आईने आपल्या मुलास कोणत्या आकड्यावर विसंबून पाणी द्यावयाचे होते? एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय संस्थेने या कुळातील दोन जुन्या द्रव्यांसाठी ४ व जेनएक्ससह अन्य तिघांसाठी १० नॅनोग्रॅम अशा मर्यादा घातल्या, आणि मे २०२५ मध्ये पहिल्या दोन कायम ठेवून उरलेल्यांचा फेरविचार करण्याचा मनोदय प्रकट केला.

युरोपातील वाट थोडी निराळी झाली, आणि तिचे कारण एक आग होती. १ नोव्हेंबर १९८६ च्या पहाटे बाझेलनजीक श्वाइत्सरहाले येथील गोदाम पेटले. आग विझविण्यासाठी मारलेल्या पाण्याबरोबर सुमारे ३० टन कीटकनाशके व इतर रसायने ऱ्हाइनमध्ये वाहून गेली. नदी तांबडी झाली, बाम माशांचा संहार झाला, आणि हॉलंडपर्यंतच्या जलसंस्थांनी पाणी उचलणे थांबविले. १९९३ पासून बाझेलच्या खालच्या अंगास वाइल येथे नदीच्या पाण्याचे नमुने प्रतिदिनी घेणारे केंद्र चालू आहे. तेथे अलीकडे नावनिशीवार तपासणीच्या जोडीस निनावी शिखरांचीही रोज नोंद होते : कालपर्यंत नसलेले शिखर आज उंच उठले की, त्याचे नाव ठाऊक नसतानाही, खालच्या शहरांस सूचना द्यावयाची. केवळ २०१४ या एका वर्षात, पूर्वी कधी लक्षात न आलेल्या द्रव्यांचे दहा मोठे लोट या रीतीने उघडकीस आले. त्यांचे एकूण वजन पंचवीस टनांहून अधिक होते.

रॉटरडॅमने स्वतः मात्र तोवर ऱ्हाइनचा निरोप घेतला होता. १९७० नंतरच्या दशकात शहराने म्यूज नदीचे पाणी बीसबॉस येथील विस्तीर्ण जलाशयांत साठवून पिण्यास घेतले. हेतू उघड होता; म्यूज ऱ्हाइनपेक्षा स्वच्छ समजली जात होती. २०१५ च्या उन्हाळ्यात म्यूजमध्ये, लिम्बर्ग प्रांतातील एका रासायनिक वसाहतीच्या सांडपाण्यातून आलेले पायराझोल नावाचे द्रव्य आढळले. ते कोणत्याही ठरीव यादीत नव्हते. डच नियमांत मात्र एक तरतूद आहे : मानवनिर्मित अशा कोणत्याही द्रव्याचे, मग त्याला स्वतंत्र मर्यादा असो वा नसो, प्रमाण लिटरला १ मायक्रोग्रॅमच्या वर गेले तर चौकशी झालीच पाहिजे. त्या तरतुदीच्या बळावर म्यूजवरील जलसंस्थांनी आपले दरवाजे बंद केले. ते काही आठवडे बंद राहिले, साठे खालावू लागले, आणि मग शासनाने पायराझोल या एकाच नावासाठी निराळी, अधिक सैल अशी मर्यादा ठरवून दिली.